माथेरानचे तळे आणि आईचा हट्ट

सहल हा शब्द आपल्या घरांत तसा नवाच. मे महिना उजाडला की गावची एस.टी. धरायची, महिनाभर मुलांना मोकळे सोडायचे आणि जून लागताच परत मुंबईला यायचे, हीच आमची सहल. एरवी प्रवास घडायचा तो लग्नकार्याला, मयतीला, नाही तर आयुष्यात एकदा नागपूरला दीक्षाभूमीचे दर्शन घ्यायला. नुसते डोंगर, झाडे आणि पाणी बघायला पदरचे पैसे मोडून जायचे, असे कोणी आमच्या वडिलांना सांगितले असते तर त्यांना हसू आले असते. डोंगर, झाडे आणि पाणी मागे टाकूनच तर ते पोटासाठी मुंबईला आले होते!

पण मुलांची पिढी वेगळी. आमची धाकटी पाचवीत असताना शाळेत निबंध आला, ‘माझी अविस्मरणीय सहल’. बाईसाहेबांनी मैत्रिणींकडून ऐकलेले सगळे एकत्र करून माथेरानची झकास सहल लिहून काढली. झुकझुक गाडी, माकडे, घोडे, तळे, सगळे त्यात होते. दहापैकी आठ गुण पडले. संध्याकाळी तिने तो निबंध घरात मोठ्याने वाचून दाखवला. आम्ही कौतुक करणार, तोच आमची आई कोपऱ्यातून म्हणाली, “रोज पंचशील म्हणतीस, आन् खोटं लिवतीस व्हय गं?”

पोरगी रडवेली झाली. तिची आईही गप्प झाली. आम्हाला मात्र मुलीपेक्षा स्वतःचीच लाज वाटली. कुर्ल्याहून माथेरान काही विलायतेत नाही. कर्जत लोकलने नेरळ, तेथून वर डोंगर. चाळीस वर्षे मुंबईत काढून आम्ही कधी तेथे गेलो नव्हतो, म्हणून पोरीला खोटे लिहावे लागले.

त्याच रात्री मुलांच्या आईने स्टीलचा एक डबा रिकामा केला. दरमहा पगाराच्या दिवशी त्यात पाचशे रुपये टाकायचे, असे ठरले. ती घरी पोळी-भाजीचे डबे करते, आम्ही कारखान्यात फिटर. एखाद्या महिन्याला डब्यातले पैसे काढण्याची वेळही आली, पण पुढच्या महिन्यात ते भरून काढले. असे करत वर्ष गेले आणि 2025 चा जानेवारी आला. 26 जानेवारी रविवारी होती. शनिवारी निघायचे, एक रात्र राहायचे आणि रविवारी परतायचे, असा बेत झाला. आई अठ्ठ्याहत्तरीची, गुडघे दुखतात. “म्या कशाला, घर राखती,” असे तिने दोनदा म्हणून पाहिले. धाकटी म्हणाली, “आजी, तू आली नाहीस तर मी परत खोटाच निबंध लिहीन.” मग ती तयार झाली.

नेरळची रांग

पहाटेची कर्जत लोकल धरली. बदलापूर मागे पडले आणि खिडकीतून शेते दिसू लागली. वांगणी, शेलू आणि मग नेरळ. उतरताच थोरला पळत जाऊन छोट्या गाडीच्या खिडकीपुढे उभा राहिला, पण रांग आधीच लांब होती. या गाडीला डबे थोडे, डब्यात जागा त्याहून थोड्या. आमच्या पुढे दहा-बारा माणसे असतानाच खिडकी बंद झाली. मुलांची तोंडे एवढीशी झाली. समोर गाडी उभी होती, रंगीत, खेळण्यातल्यासारखी. आई फलाटावरच्या बाकावर बसून तिच्याकडे टक लावून बघत होती.

ही गाडी 1907 सालापासूनची. मुंबईतले धनिक सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेले. दोन फूट रुंदीचे रूळ, सुमारे 21 किलोमीटरचा रस्ता आणि वळणावर वळण घेत केलेली चढण. जुलै 2005 च्या महापुरात हा मार्ग वाहून गेला, तो 2007 साली पुन्हा सुरू झाला. 2019 च्या पावसाने तो पुन्हा तोडला, मग 2022 च्या ऑक्टोबरात गाडी पुन्हा धावली. पैसा घालणाऱ्यांची नावे आपल्याला वाचायला मिळतात. ज्यांनी पहार-फावडे घेऊन हा कातळ फोडला त्यांची नावे मात्र कोठे लिहिलेली आमच्या पाहण्यात आली नाहीत. आईला हे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “गडी आपल्यासारखंच असत्याल.”

शेवटी शेअर टॅक्सी केली. घाटातली वळणे घेत गाडी दस्तुरी नाक्यावर पोचली. मोटारीचा रस्ता तेथे संपतो. माथेरानात मोटारगाडीला बंदी आहे. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब तेवढा आत जाऊ शकतो. 2003 साली केंद्र सरकारने हा सारा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला, पण मोटारी न येऊ देण्याची रीत त्याहून जुनी आहे. म्हणूनच ते रान अजून रान राहिले आहे.

दस्तुरीवर उतरताच एक इसम जवळ आला. “पुढची गाडी बंद आहे, घोड्याशिवाय उपाय नाही,” असे त्याने ठासून सांगितले. आम्ही घोटाळलो. पण मुलांची आई मुंबईत वाढलेली. “आधी स्टेशन बघू, मग घोडा,” म्हणाली. पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर अमन लॉज स्थानक होते, गाडी चालू होती आणि तिकिटेही मिळाली. तेथून माथेरान स्थानकापर्यंत जेमतेम तीन किलोमीटर, पण तेवढ्यात मुलांचे मन भरले. आई खिडकीला गाल लावून बसली होती. झाडांच्या फांद्या हात लावता येतील इतक्या जवळून जात होत्या.

माथ्यावरचे रान

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान, असा नावाचा अर्थ सांगतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच. 1850 साली ठाण्याचा इंग्रज कलेक्टर ह्यू मॅलेट वर चढला आणि त्याने माथेरान ‘शोधून काढले’, असे पुस्तकांत छापलेले असते. ठाकर, कातकरी आणि धनगर मंडळी त्याच्या कितीतरी आधीपासून या डोंगरात वावरत होती. पण शोध लावल्याचा मान त्यांना कोण देणार?

पायाखाली तांबडी माती. दहा पावलांत चपला, पाय आणि विजारीचे काठ लाल होतात. दोन्ही बाजूंना जांभूळ, हिरडा, अंजनी अशी झाडे इतकी दाट की भर दुपारी रस्त्यावर सावली. मोटारीचा आवाज नाही, भोंगा नाही. कुर्ल्याच्या माणसाला पहिल्यांदा ही शांतता कानात टोचते. थोरल्याने झाडाच्या शेंड्यावर शेकरू पाहिले. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तपकिरी पाठ, लांब झुबकेदार शेपूट आणि या झाडावरून त्या झाडावर घेतलेली उडी. पुस्तकात चित्र पाहणे वेगळे आणि मान वर करून खराखुरा प्राणी पाहणे वेगळे. माकडांनी मात्र आमच्या चटणी-भाकरीच्या पिशवीचा पाठलाग शेवटपर्यंत सोडला नाही.

एका घरगुती ठिकाणी खोली घेतली. पाचजणांना दोन गाद्या आणि एक खाट. संध्याकाळी सूर्यास्त बघायला कड्यावर गेलो. समोर प्रबळगडाचा मोठा काळा डोंगर आणि त्याच्यामागे उतरणारा लाल गोळा. शेकडो माणसे उभी होती, पण क्षणभर कोणी बोलेना.

रात्री थंडी वाजू लागली. सगळे एका गोधडीत पाय घालून बसलो. आईने दिवसभर रस्त्यावर एक गोष्ट पाहिली होती आणि ती तिच्या मनातून जात नव्हती. ती गोष्ट म्हणजे हातरिक्षा. दोन चाकांची, पुढे दांडे असलेली रिक्षा. बैल नाही, घोडा नाही, पुढे एक माणूस ओढतो आणि मागून एक-दोघे ढकलतात. आत माणूस बसलेला.

“पोरा, तुजं आबा असंच वडायचं,” आई म्हणाली.

आमचे आबा दाणा बंदरला हातगाडी ओढत. वयाच्या अठराव्या वर्षी गावाहून आले आणि गाडीला लागले ते छातीने साथ सोडेपर्यंत. पुढे एक, मागे दोघे, वर गोण्यांची थप्पी. चढ आला की मागच्यांचा जीव जायचा आणि उतार आला की पुढच्याचा, कारण सगळा बोजा त्याच्या पाठीवर यायचा. रात्री आई त्यांच्या खांद्याला तेल चोळायची.

मुलांना ही गोष्ट ठाऊक नव्हती. आम्ही कधी सांगितलीच नव्हती. ‘आजोबा बंदरात कामाला होते’ एवढेच त्यांना माहीत. का सांगितली नाही, तेही येथे लिहून टाकतो. तेव्हा आम्ही वाडीबंदरला राहत होतो. आम्ही सातवीत असू. शाळेतल्या मित्रांबरोबर येत असताना पुलाच्या चढावर आबांची गाडी अडली होती. आबांनी आम्हाला पाहिले, आम्हीही त्यांना पाहिले. आम्ही तोंड फिरवले आणि मित्रांबरोबर पुढे निघून गेलो. आबांनी घरी आल्यावर विषय काढला नाही, पुढे मरेपर्यंत काढला नाही. त्या रात्री गोधडीत बसून ही गोष्ट आम्ही पहिल्यांदा मोठ्याने सांगितली. आई गप्प बसून होती. तिला ती आधीच ठाऊक होती की काय, ते आम्हाला कळले नाही.

प्रजासत्ताक दिनाची सकाळ

सकाळी बाजारात गेलो तेव्हा शाळेची मुले झेंडे घेऊन चालली होती. भारताची राज्यघटना अमलात येऊन त्या दिवशी बरोबर 75 वर्षे पूर्ण होत होती. झेंडावंदन झाले. राष्ट्रगीताला आई काठी टेकून ताठ उभी राहिली.

मुलांना तेथेच आणखी एक गोष्ट सांगितली. याच माथेरानात 1 डिसेंबर 1912 रोजी एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. वकील झाले, गोरगरीब शेतकऱ्यांसाठी झटले, बेचाळीसच्या लढ्यात ‘आझाद दस्ता’ उभा केला आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह इंग्रजांच्या गोळीला बळी पडले. तेच हुतात्मा भाई कोतवाल. थंड हवेच्या ठिकाणी साहेबांचे बंगलेच होते असे नाही. त्यांची हजामत करणाऱ्याच्या, ओझी वाहणाऱ्याच्या घरी माणसे जन्मत होती आणि काही तर इतिहास घडवीत होती.

आता शार्लोट तळ्याकडे निघायचे होते. बाजारापासून सुमारे दोन किलोमीटर. आई चालणार कशी, हा प्रश्न. ई-रिक्षा मोजक्याच आणि त्या दस्तुरी ते बाजार एवढ्याच रस्त्याला. घोड्यावर ती बसणार नाही. तेवढ्यात एक हातरिक्षावाला समोर आला. चाळिशीचा, सडपातळ, अंगात लाल मातीने माखलेला शर्ट.

“आजी, तळ्यावर नेऊ का? नेऊन आणायचे सातशे. दोघं आहोत, मी आणि माझा भाचा.”

आई त्याच्याजवळ गेली. “हात बघू बाळा तुजा.”

त्याने गोंधळून हात पुढे केला. आईने तळव्यावरून बोट फिरवले. घट्टे होते. ती म्हणाली, “न्हाई रं लेकरा. मानसानं मानसाला वडायचं? मी न्हाई बसायची.”

आम्हाला वाटले, आता तो रागावेल किंवा भाव कमी करील. तो शांतपणे म्हणाला, “आजी, तुमचं बोलणं चांगलं आहे. पण तुम्ही पायी गेलात तर माझ्या घरी काय शिजणार? बावीस वर्षं ओढतोय. हौस म्हणून नाही ओढत. आम्हाला ई-रिक्षा पाहिजे. ती मिळत नाही तोवर पॅसेंजर पाहिजे.”

वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. माणसाने माणसाला ओढू नये, हे आपले म्हणणे खरे. आणि रिकाम्या रिक्षाने त्याची चूल पेटत नाही, हे त्याचे म्हणणेही खरे. आईने हात जोडले आणि काठी टेकत चालू लागली. आम्ही तिच्यामागून निघालो. मागे वळून पाहिले तर तो तसाच उभा होता.

तळ्याकाठी

त्या दोन किलोमीटरांना सव्वा तास लागला. दर शंभर पावलांवर कठडा, दगड किंवा झाडाचे मूळ बघून आई बसायची. धाकटी पाण्याची बाटली घेऊन तिच्याबरोबर. शेवटी झाडी विरळ झाली आणि खाली पाणी दिसले.

शार्लोट तळे फार मोठे नाही. एका अंगाला दगडी बांध, बाकी तिन्ही बाजूंनी पाण्यापर्यंत उतरलेले रान. जानेवारीत पाणी इतके स्थिर की झाडे खाली-वर दोन्हीकडे दिसत होती. पावसाळ्यात बांधावरून पाणी उसळून खाली कोसळते, असे तेथल्या एका चहावालीने सांगितले. हे पाणी पिण्यासाठी वापरतात, म्हणून त्यात उतरण्यास, कपडे धुण्यास मनाई आहे.

आईने विचारले, “हितलं पानी गावात समद्यांच्याच नळाला जातं का?”

“हो आजी, सगळ्यांच्या,” धाकटी म्हणाली. तिला या प्रश्नात विचारण्यासारखे काय आहे तेच कळले नाही.

आई लहान असताना सातारकडच्या तिच्या गावात विहिरीवर घागर घेऊन दूर उभे राहावे लागे. कोणी वरून ओतले तर पाणी, नाही तर वाट बघायची. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 रोजी ओंजळ भरली, पण ती ओंजळ आईच्या गावच्या विहिरीपर्यंत पोचायला आणखी किती वर्षे गेली! म्हणून आमच्या आईला कोणतेही तळे पाहिले की आधी तो प्रश्न पडतो. तिच्या नातीला पडत नाही, यापेक्षा मोठी मिळकत ती कोणती?

बांधाजवळ सावलीत चटणी-भाकरी सोडली. मुले खडे मोजत बसली. मुलांची आई, जी घरी दोन मिनिटे टेकत नाही, ती झाडाला पाठ लावून चक्क झोपली. तासाभराने उठलो, आणि आईचा गुडघा धरला. पाय टेकवेना. चेहरा पांढरा पडला. थोरला म्हणाला, “मी पाठीवर घेतो,” पण आठवीतल्या पोराला ते झेपणारे नव्हते.

वरच्या रस्त्यावर तोच रिक्षावाला उभा होता. दुसरे गिऱ्हाईक सोडून परतीच्या भाड्याची वाट बघत होता. त्याने न विचारता रिक्षा वळवून जवळ आणली. “आजी, आता तरी बसा.”

आईच्या डोळ्यांत पाणी आले. ते गुडघ्याचे नव्हते. थोड्या वेळाने डोळे पुसून ती म्हणाली, “बसती. पर चढ आला की मला उतरवायचं. चढाला मी न्हाई बसायची.”

तो हसला. “आजी, असा पॅसेंजर बावीस वर्षांत पहिलाच.”

आणि खरोखरच तसे झाले. सपाटीवर ती बसायची. चढ दिसला की दांड्यावर काठी आपटायची. मग रिक्षा थांबे, थोरला आणि त्याची आई दोन्ही बाजूंनी आधार देत, आणि ती लंगडत चढ चढे. वर पोचली की पुन्हा बसायची. एका चढावर मात्र तिला पाऊलच उचलवेना. “बसून राहा आजी, एवढ्याने मी मरत नाही,” असे तो म्हणाला, तेव्हा आम्ही मागे जाऊन त्याच्या भाच्याच्या शेजारी हात लावला. थोरला दुसऱ्या बाजूला आला.

आमची आई तशी वजनाला चिमणीएवढी. पण चढावर रिक्षा मागे रेटू लागली तेव्हा छाती भरून आली, दम लागला. लाल मातीत पाय घसरत होते. पुढून तो ओरडला, “भाऊ, सोडू नका, आता सोडलीत तर माझ्यावर येईल!” आम्ही सोडली नाही. पुलाच्या चढावर आबांची गाडी अडली होती तेव्हा हात लावायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटे. त्या दोन मिनिटांची परतफेड माथेरानच्या त्या चढावर झाली, असे आम्ही म्हणणार नाही. ती होत नाही. पण आमचा मुलगा शेजारी ढकलत होता आणि त्याने तोंड फिरवले नव्हते, एवढे समाधान लाभले.

बाजारात पोचल्यावर मुलांच्या आईने जाऊन-येऊनचे पूर्ण सातशे त्याच्या हातावर ठेवले. तो दोनशे परत करू लागला. आई म्हणाली, “ठेव. सकाळी तुजं गिऱ्हाईक मोडलं हुतं म्या.” मग सगळ्यांनी मिळून चहा घेतला. त्याने मुलांना चिक्कीचे पाकीट दिले, पैसे घेतले नाहीत.

पुढे काय झाले

घरी आल्यावर आई अधूनमधून विचारायची, “त्या पोरास्नी नवी गाडी मिळाली का?” माथेरानात हातरिक्षाचे परवाने होते 94. रिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेनेच ई-रिक्षासाठी न्यायालयाची पायरी चढली होती. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रयोग म्हणून परवानगी दिली, त्या वर्षीच्या डिसेंबरात सात ई-रिक्षा धावू लागल्या. पुढे संख्या थोडी वाढली, पण बहुतेकांच्या हाती लाकडी दांडेच राहिले.

मग 6 ऑगस्ट 2025 रोजी निकाल आला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे रा. सू. गवई यांचे चिरंजीव, यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानवी ठरवली. घटनेने दिलेल्या सामाजिक आणि आर्थिक न्यायाच्या वचनाशी ती विसंगत आहे, असे बजावले. रिक्षा ओढणाऱ्यांचा प्रश्न 1980 सालीच पंजाबातील एका खटल्यात याच न्यायालयापुढे आला होता, त्याचीही आठवण करून दिली. हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करायच्या, आणि नुसत्या बंद करायच्या नाहीत, तर सरकारने ई-रिक्षा घेऊन त्या खऱ्या रिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने चालवायला द्यायच्या. उरल्या तर आदिवासी भगिनींचा आणि इतर गरजूंचा विचार करायचा. पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही न्यायालयाने सांगितले.

थोरल्याने पेपरातली ती बातमी मोठ्याने वाचली. तळ्याच्या वाटेवर जो प्रश्न आम्हाला सुटला नव्हता, त्याचे उत्तर या निकालात होते. दांडा काढून घ्यायचा, पण हात रिकामा ठेवायचा नाही. आईला कायद्याची भाषा कळली नाही, पण मतलब बरोबर कळला. ती म्हणाली, “म्हंजी आता चढाला उतराय नगं.”

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

पाच माणसांची आमची सहल सहा हजारांच्या आत झाली. जमेल त्यांनी अशी जरूर करावी. दर महिन्याला थोडे बाजूला टाकले तर कर्ज काढावे लागत नाही. सुटीच्या दिवशी छोट्या गाडीचे तिकीट हवे असेल तर नेरळला अगदी पहाटे पोचावे. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, अमन लॉजची चालते. दस्तुरीवर कोणी काही सांगितले तरी आधी स्थानकावर जाऊन स्वतः पाहावे. खाणे पिशवीत तोंड बांधून ठेवावे, माकडांना देऊ नये. तळ्यात उतरू नये आणि प्लास्टिक तेथे टाकू नये, कारण ते पाणी माणसे पितात. थंडीत म्हाताऱ्या माणसांसाठी कानटोपी आणि शाल घ्यावी.

आणि डोक्यावर सामान वाहणाऱ्या बाया-माणसांशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नये. आपल्या घरातले कोणी ना कोणी कधी तरी असेच ओझे वाहत होते, हे मुलांना सांगावे. आम्ही सांगायला फार उशीर केला.

धाकटीने निबंध पुन्हा लिहिला, या वेळी शाळेसाठी नव्हे, आजीसाठी. त्यात झुकझुक गाडी एका ओळीत उरकली आहे आणि आजीने काठी आपटून रिक्षा थांबवल्याचे पानभर लिहिले आहे. आईने तो चार वेळा वाचून घेतला. मग म्हणाली, “आता खरं हाय.”

डबा पुन्हा मांडणीवर ठेवला आहे. पगाराच्या दिवशी आईच आठवण करते. तिला आणखी एकदा माथेरानला जायचे आहे. तळे तिने पाहिले आहे. आता तिला तो रिक्षावाला नव्या गाडीच्या सीटवर बसलेला बघायचा आहे.